साखरदाण्यांचं भांडण

मामा,

तुम्ही गेल्यापासून घरात माणसांचा राबता आहे. येणारा प्रत्येक जण ओसरीवर टेकतो, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवतो आणि म्हणतो, "लई चांगला माणूस गेला." मी मान हलवते, चहा ठेवायला आत जाते आणि आत गेल्यावर मला हसू फुटतं. तुम्ही चांगले होतात हे खरंच. पण तुम्ही हट्टी किती होतात, ते यातल्या एकालाही ठाऊक नाही. ते मला ठाऊक आहे. इतकी वर्षं एका कढईवरून मी तुमच्याशी भांडले, आणि ऐन रंगात आलेलं भांडण तसंच टाकून तुम्ही उठून गेलात. हे काही बरं केलं नाहीत.

सोसायटीतली तुमची शिपायाची नोकरी, तुमचं दीड एकर रान, दुष्काळी कामावर तुम्ही सांभाळलेली माणसं, हे सगळं लोक सांगताहेत आणि सांगत राहतील. मला त्यात भर घालायची नाही. मला साखरदाण्यांबद्दल बोलायचंय, कारण त्याबद्दल बोलायला मला घरात दुसरं कुणी नाही. तुमचा लेक तर हा विषय निघाला की पायात चप्पल घालतो.

सासऱ्याला मामा म्हणायची आपल्याकडची रीत, म्हणून मी तुम्हाला मामा म्हणत आले. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेलेल्या. त्यामुळे मी बेंबळीला नांदायला आले तेव्हा चूल तुमच्या ताब्यात होती. पहिल्याच आठवड्यात तुम्ही सगळं माझ्या हवाली केलंत. तिखटामिठाचे डबे, उतरंड, जातं, परात, सगळं दाखवलंत. फक्त ती एक काळी लोखंडी कढई आणि तिचं उलथनं उचलून तुम्ही वरच्या फळीवर ठेवलंत आणि म्हणालात, "हिला हात लावायचा न्हाय. ही माझी."

साखरदाणे करायचे असले की घरात सकाळपासून त्याची चाहूल लागायची. शेंगा तुम्ही स्वतः फोडायचात. दुसऱ्याच्या हाताने दाणे दुभंगतात असा तुमचा आरोप होता. मग ओसरीवर मांडी घालून किडका, सुरकुतलेला, अर्धा दाणा बाजूला काढायचात आणि तो बाजूला काढलेला दाणा तोंडात टाकायचात, त्यामुळे निवडायला तुम्हाला फार वेळ लागायचा. चुलीत तुराट्या चालायच्या नाहीत, कारण त्या भसकन पेटतात आणि भसकन विझतात. बाभळीचं लाकूड लागायचं. दाणे मंद आचेवर भाजायचे, साल तडकायला लागली की परातीत पसरायचे. साल मात्र काढायची नाही. "साल हाय म्हून साखर धरती," असं तुम्ही दर वेळी सांगायचात, जणू मी पहिल्यांदाच ऐकतेय. मग त्याच कढईत साखर, ती भिजेल इतपत पाणी, चिमूटभर मीठ आणि कुटलेली सुंठ. पाकाचे बुडबुडे जाड झाले की दाणे आत, आणि तिथून पुढं हात थांबवायचा नाही. मी डोकावले की म्हणायचात, "मास्तरीणबाई, लांब सरा. पाकाला नजर लागती." गावात बालवाडी निघाली आणि मी तिथं शिकवायला लागले, तेव्हापासून मी मास्तरीणबाई झाले. त्याआधी नुसती सुमन होते आणि तेव्हाही लांबच सरत होते.

हलवता हलवता पाक आटायचा, एकाएकी पांढरा पडायचा आणि दाण्यादाण्यावर साखरेचा खरबरीत, रवाळ थर बसायचा. तिथं तुम्ही कढई उतरवायचात.

तिथंच आपलं भांडण होतं.

कारण मामा, तिथं थांबायचं नसतं. मी मुरूमच्या गुळव्याची लेक. गुऱ्हाळावर रसाचा पाक ओळखणारा तो गुळव्या. रस कढवायची काहील कधी उतरवायची, ते त्याच्या एका शब्दावर ठरतं, आणि तो चुकला तर सगळ्या काहिलीचा गूळ वाया जातो. आमच्या घरात बाळसं धरायच्या आत पाक कळायला लागतो. साखर पांढरी पडून कोरडी होते, ती अर्धीच वाट. तशीच आचेवर हलवत राहिलं की ती पुन्हा वितळते, तांबूस होते आणि दाण्यावर काचेसारखी चकाकी येते. मग ताटाला तूप लावून त्यावर ओतायचे आणि गार व्हायच्या आत एकेक सुटा करायचा. हे मी तुम्हाला लग्नाला वर्ष झालं तेव्हापासून सांगत होते. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि वाळूसारखे दाणे डब्यात भरायचात.

वाळू हा शब्द माझा नाही, आबांचा आहे. माझ्या वडिलांचा. तो कुठून आला ते तुम्हाला ठाऊक आहे, पण मला आज ते पहिल्यापासून सांगायचंय. मी ते इतकी वर्षं अर्धंच सांगत होते, हे मला गेल्या आठवड्यात कळलं.

माझं लग्न बहात्तरच्या दुष्काळात झालं. खरं तर ते मुरूमला व्हायचं, मुलीकडं. पण आमच्या वस्तीची विहीर आटलेली, आणि टँकर येईल त्या दिवशी खरा. तुम्ही निरोप धाडलात, "आमच्या हिरीला अजून पानी हाय. लगीन हिकडंच करू. पोरगी काय, तुमची तीच आमची." आबांना तो निरोप फार आवडला होता. आमच्या वस्तीत त्यांनी तो घरोघरी ऐकवला. लग्नाची साखर त्या वेळी तहसिलातून परवाना काढून मिळायची. तुम्ही सोसायटीत शिपाई, रेशनची पोती तुमच्या डोळ्यांपुढं रचलेली, त्यामुळं लोकांना वाटलं आता लाडवांची रास पडणार. तुम्ही परवान्यावर होती तेवढीच साखर घरी आणलीत. तेवढ्यात बुंदी होणं शक्य नव्हतं. त्यात बाजारातल्या हलवायानं आपल्या वस्तीत येऊन कढई लावायची म्हटल्यावर आढेवेढे घेतले. मग तुम्ही पेरणीसाठी राखलेल्या शेंगांचं पोतं सोडलंत. भावकीतल्या लोकांनी बियाणं मोडू नका म्हणून सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "पाऊस पडंल तवा बी कुनाकडनं बी मागून आनता येतंय. लेकाचं लगीन मागून आनता येतंय व्हय?" आणि स्वतः चुलीपुढं बसलात.

आम्ही तेव्हा ट्रकमध्ये होतो. मालट्रकच्या हौद्यात सतरंज्या टाकून सगळं वऱ्हाड बसलेलं. आम्ही दुपारी पोचणार होतो, पण उन्हात टायर फुटतील म्हणून ड्रायव्हरनं रात्रीच गाडी काढली आणि दिवस उगवायच्या सुमाराला बेंबळीच्या वेशीवर येऊन जोराचा हॉर्न दिला. तुम्ही धावत आलात. धोतराचा सोगा खोचलेला, सदरा घामानं भिजलेला. वेशीवरच तुम्ही आबांना कडकडून मिठी मारलीत आणि आबांच्या नव्या काळ्या कोटाच्या पाठीवर तुमच्या हातांचे दोन पांढरे, चिकट ठसे उमटले. आमच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आबा दिवसभर कोणी पाठीमागं उभं राहिलं की संशयानं बघत होते.

लग्न छान लागलं. त्रिशरण, पंचशील झालं, फुलं पडली, मी पांढऱ्या लुगड्यात गोरीमोरी होऊन बसले. मग प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी आली. आबांनी पुडी सोडली. दाणा बोटांत धरला, उजेडाकडं धरून फिरवला. खाल्ला नाही. मला लांबून त्यांचा चेहरा दिसत होता आणि मला कळलं की आता काहीतरी होणार.

"इवाई, ही काय वाळू वाढली व्हय?" आबा म्हणाले. "पाक बिघडलाय तुमचा. गुळव्याच्या लेकीच्या लग्नात बिघडल्याला पाक?"

 तुम्ही हात जोडून पुढं आलात. "बिघडल्याला न्हाय, इवाई. आमच्यात असेच करत्यात."

आबांनी पुडी पुन्हा बांधली आणि शेजारच्या बाईच्या ओटीत टाकली. त्यानंतर त्यांनी तुमच्या घरचे साखरदाणे कधी तोंडात घातले नाहीत.

आता यात दुष्मनी म्हणावी असं काही नव्हतं, हे मी आधीच सांगते, नाहीतर ओसरीवरच्या लोकांना भलतंच वाटायचं. आबा वर्षातून दोन-तीनदा एसटीनं यायचे. तुम्ही दोघं ओसरीवर बसून पावसाला, पुढाऱ्यांना आणि ज्वारीच्या भावाला मिळून नावं ठेवायचात. नवा साखर कारखाना निघाला तेव्हा तो चालेल की नाही यावर तुम्ही दोन दिवस बोललात आणि तिसऱ्या दिवशी मतं बदलून पुन्हा बोललात. आबा आपल्याकडं भाकरी खायचे, मटण ओरपायचे, ताक मागून प्यायचे. आणि जेवणं झाली की तुम्ही मिशीत हसत उठायचात, डबा आणायचात आणि वाटीभर साखरदाणे आबांपुढं ठेवायचात. आबा वाटी एका बोटानं परत सरकवायचे आणि म्हणायचे, "साकू, साकू." पुरे म्हणायचा आमच्या सीमेवरचा तो कानडी शब्द. "एक तरी," तुम्ही म्हणायचात. "साकू." वाटी पुढं, वाटी मागं. आमची पोरं हे बघायला मुद्दाम दारात येऊन थांबायची.

सगळे हसायचे, मीही हसायचे. पण ते मला आत कुठंतरी टोचायचं, मामा. माझ्या लग्नाचं गोड म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं, आणि ते माझ्या बापानं तोंडात घातलेलं नव्हतं. मला दुसरं काही नको होतं. आबांनी तुमच्या हातचा एक दाणा खावा, एवढं एक बघायचं होतं. मी आबांना छेडलं की ते म्हणायचे, "इवायानं एकदा चुकलं म्हनावं, म्या परातभर खातो." तुम्हाला छेडलं की तुम्ही म्हणायचात, "चुकलंच न्हाय तर म्हनू कसं?" एक शब्द होता दोघांच्या मध्ये. तो तुम्ही काढत नव्हतात आणि ते सोडत नव्हते.

तुम्हाला आठवतं, तुम्ही सोसायटीच्या कामाला धाराशिवला गेला होतात आणि मी ती कढई फळीवरून खाली काढली? लग्नाला वर्ष झालं असेल-नसेल. तुम्ही परत आलात तेव्हा दाणे नेमके पांढरे पडलेले. तुम्ही दारातूनच बघितलंत आणि कढईला हात लावल्याचा राग विसरून म्हणालात, "बग, असेच व्हत्यात!" मी म्हटलं, "थांबा जरा." आणि आच तशीच ठेवून हलवत राहिले. वाळू ओलसर झाली, वितळली, तांबूस झाली आणि सगळे दाणे लखलखायला लागले. मी उलथनं खाली ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून तुमच्याकडं बघितलं. आता हा माणूस शरण येणार असं मला वाटलं. तुम्ही कितीतरी वेळ कढईकडं बघत राहिलात. मग हळूच म्हणालात, "एवढंच करायचं व्हतं व्हय?"

मला वाटलं तुम्ही टोमणा मारलात. मी काहीतरी फणकाऱ्यानं बोलले. तुम्ही एक दाणा उचलून चावलात, गाल धरलात आणि जाहीर केलंत, "काच खाल्ल्यावानी लागतंय. दात ऱ्हातेत का ह्यानं?"

तेव्हापासून घरात दोन पंथ झाले. तुमचे वाळूचे, माझे काचेचे. पुढं तुमचा लेक कारखान्याच्या काट्यावर कामाला लागला, साखरेची ददात मिटली. मी म्हटलं, आता तरी थोडा पाक पुढं जाऊ द्या. तुम्ही म्हणालात, "साखर वाढली म्हून रीत बदलायची असती व्हय?" बालवाडीतल्या लेकरांना दर महिन्याला तुम्ही डबा पाठवायचात. ती लबाड लेकरं आधी वरची साखर चाटायची आणि मग ओला दाणा कुरतडायची, एकेक दाणा त्यांना बराच वेळ पुरायचा. त्यांना तुमचेच आवडायचे. तुम्ही दर भांडणात त्यांची साक्ष काढायचात, "लेकरं खोटं बोलत न्हायत, मास्तरीणबाई." आणि एकदा मी दुपारी अचानक आत आले, तर माझ्या डब्याचं झाकण उघडं आणि तुमचा एक गाल फुगलेला. "काय खाताय?" विचारलं, तर म्हणालात, "सुपारी." काचेच्या दाण्याचा कडाड आवाज मला दारापर्यंत ऐकू आला होता. त्यानंतर माझा डबा मी तुमच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवायला लागले. आणि डबा वेळेवर रिकामा व्हायचा.

दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं तेव्हाही आपलं तेच. तोंड कडू झालंय, दाणे कर, म्हणालात. मी विचारलं, "कुठले? वाळूचे का काचेचे?" तुम्हाला हसू आलं आणि हसण्यापाठोपाठ खोकला आला. मी पाठ चोळता चोळता म्हटलं, "मामा, आता तरी एकदा म्हणा, चुकलं. मी आबांना उद्याच निरोप धाडते. ते येतील, परातभर खातील."

"मेल्यावर म्हनतो," तुम्ही म्हणालात.

आणि आपण दोघं इतके हसलो की तुमचा लेक काय झालं म्हणून धावत आला. हे आपलं शेवटचं धड बोलणं. त्यानंतर तुम्ही पाणी मागितलंत, उशी सरळ कर म्हणालात, बस. मला तुमची फार आठवण येते, मामा. सकाळी चूल पेटवताना ओसरीवरून कुणी खाकरत नाही. कुणी लांब सरा म्हणत नाही. स्वयंपाकघरात मला हवं तिथं उभं राहता येतं आणि मला ते मुळीच आवडत नाही.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गयाआत्या आल्या. तुमच्या चुलतबहीण, पलीकडच्या घरातल्या. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाचे तांदूळ निवडायला आम्ही दोघी ओसरीवर बसलो. मी सहज म्हटलं, "आत्या, माणूस सोन्यासारखा, पण हट्टी किती. मरेपर्यंत पाक बिघडला म्हणाले नाहीत."

गयाआत्यांचा हात सुपात थांबला. "बिघडला कुटं व्हता?" त्या म्हणाल्या. "म्या चुलीम्होरंच व्हते की. दादा हलवीत व्हता अन् वेशीवर हॉर्न वाजला. तुमचं वऱ्हाड. दुपारचं येनार ते दिस उगवायला आलं. दादानं लाकडं वडली, कढई उतरावली अन् म्हनला, इवाई वेशीवर हुबा ऱ्हायला न्हाय पायजे. तसाच पळाला, हाताला पाक घिऊन. माघारी आला तवर सगळं वाळून वाळू झाल्यालं. दुसरी साखर कुटली आनायची?"

मी विचारलं, "मग मांडवात सांगितलं का नाही?"

"म्या तेच म्हनले. सांगून टाक, ट्रक लवकर आला म्हून झालं. तर माज्यावर असा डाफरला! पावन्याला तू लवकर का आलास म्हनायचं असतंय व्हय, गये? ज्याची पोरगी आपन घेतोय त्याला? तोंडातनं शब्द काढू नगंस म्हनला. म्या न्हाय काढला." त्यांनी सुपातला एक खडा वेचून टाकला. "आता त्योच न्हाय, तर काय."

मामा, मला आधी तुमचा भयंकर राग आला. मग हसू आलं, आणि मग तांदळाचं सूप मांडीवर घेऊन मी भरपूर रडले. गयाआत्यांना वाटलं त्यांनी काहीतरी वाईट सांगितलं. मला आबांच्या कोटावरचे पांढरे हात दिसत होते. आणि माझ्या कढईकडं बघत दारात उभे असलेले तुम्ही. ती वाळू नुसती पुन्हा आचेवर ठेवली असती तरी निभावलं असतं, हे तुम्हाला त्या दिवशी माझ्याकडून कळलं, वर्षभर उशिरा. तरी तुम्ही गाल धरून काच म्हणालात. एकदा मांडवात "आमच्यात असेच करत्यात" म्हणून बसलात आणि ते खरं ठरवायला जन्मभर अर्धेच दाणे करत राहिलात! स्वतःला आवडत होते माझे. चोरून खात होतात माझे. चुकलं म्हणायचं तर कसं चुकलं ते सांगावं लागलं असतं, आणि ते माझ्या बापाच्या अंगावर गेलं असतं. म्हणून तुम्ही त्यांची वाळू ऐकून घेतलीत आणि वर मिशीत हसलात. अशा माणसाशी मी भांडत होते.

मग पुण्यानुमोदनाच्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यात एकच विचार. आबा येणार होते. त्यांना सांगावं की नाही? सांगितलं तर तुमच्यावरचा बोल जाईल. सगळ्यांपुढं जाईल. आबा हळवे आहेत, तिथंच दाणे मागतील. आणि घरी जाऊन या वयात रात्र रात्र जागतील की आपण अवेळी गेलो, आपल्यामुळं त्याचा पाक गेला आणि वर आपणच त्याला भर मांडवात बोललो. न सांगितलं तर तुमची वाटी जशी परत सरकली तशीच कायमची सरकून राहील. तुमच्या लेकाला विचारलं. तो चप्पल शोधायला लागला.

त्या दिवशी पहाटे मी कढई काढली. शेंगा स्वतः फोडल्या. बाभळीचं लाकूड लावलं. साखर पांढरी पडली तिथं माझा हात पुढं जाण्यासाठी शिवशिवत होता. मामा, तिथं थांबणं किती अवघड असतं हो, पुढचं माहीत असताना! मी दात आवळून कढई उतरवली.

आबा दुपारी आले. काठी टेकत आले, तुमच्या फोटोपुढं बसले आणि लहान मुलासारखे मोठ्यानं रडले. वंदना झाली, जेवणं झाली. माणसं पांगली. आबा ओसरीवर तुमच्या जागेशेजारी टेकले होते. गयाआत्या पत्रावळी गोळा करत होत्या. मी वाटी घेऊन आत उभी होते आणि पुढं न्यावी की नाही ते ठरत नव्हतं. तेवढ्यात आबांनीच हाक मारली.

"सुमन. ते दाने केल्यात का?"

मी वाटी त्यांच्यापुढं ठेवली.  मग त्यांनी एक दाणा उचलला आणि तोंडात टाकला. चावला नाही. जिभेवर फिरवला, डोळे मिटले, गुऱ्हाळावर रस चाखताना मिटायचे तसे. मग चावला. आणखी एक घेतला.

"ह्यो पाक बिघडल्याला न्हाय," आबा म्हणाले. "ह्यो चांगला चालला व्हता. ह्यो मदीच उतरावलाय. मांडवातल्या पुडीत बी असाच व्हता." त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. "असं मानूस उगं करत न्हाय. कुनीतरी आल्याबिगर कढई उतरावत न्हाय. कोन आलं व्हतं गं त्या दिशी?"

गयाआत्यांच्या हातातल्या पत्रावळींचा आवाज थांबला. मी आबांच्या शेजारी बसले.

"कुणी न्हाय, आबा," मी म्हटलं. "तुमी खावा."

आबांनी वाटी उचलून मांडीवर घेतली.